पिल्लू कासव जेवेनासे झाले तर

गेल्या जानेवारीतली गोष्ट. संध्याकाळचा दवाखाना आवरत आलो होतो. आमचे एक जुने पेशंट, पेशाने शिक्षक, आपल्या चौथीतल्या मुलाला घेऊन आले. मुलाच्या हातात स्टीलचा डबा. संक्रांत तोंडावर होती, मला वाटले वहिनींनी तिळाचे लाडू पाठवले असावेत. डबा उघडला तर आत दोन बोटे पाणी आणि त्यात नाण्याहून थोडे मोठे, हिरवेगार कासवाचे पिल्लू!

"डॉक्टरकाका, बंडू चार दिवस जेवत नाही. नुसता झोपतो."

शहरातल्या मासे विकणाऱ्या दुकानातून वाढदिवसाला बंडू आणि खंडू अशी जोडी आणलेली. मी पिल्लाला बोट लावले, त्याने पाय आत ओढले. मी हसून म्हटले, "अरे, थंडी आहे. कासवे थंडीत झोपतातच. ऊन तापले की उठेल आपोआप." फी घेतली नाही. ते बरेच झाले, कारण सल्ला साफ चुकीचा होता.

अकरा दिवसांनी डबा परत आला. बंडूचे दोन्ही डोळे मसुरीच्या दाण्याएवढे फुगून मिटलेले, नाकपुडीवर बुडबुडा, पाण्यात सोडला की एका अंगावर कलणारा. तेव्हा कुठे मी त्यांना आमच्या गावच्या गुरांच्या दवाखान्यात पाठवले. तिथले डॉक्टर प्रामाणिक माणूस. "माझा दिवस गाई-म्हशींत जातो, पण परळच्या कॉलेजातल्या माझ्या सरांना विचारून करतो," म्हणाले आणि तिथल्या तिथे फोन लावला. बंडू तिसऱ्या दिवशी गेला. खंडू वाचला. त्याच आठवड्यात त्या घरातली अडीच वर्षांची धाकटी मुलगी ताप आणि जुलाबाने माझ्याकडे आली. तिच्याविषयी पुढे लिहितो.

यंदाची थंडी आता पडू लागली आहे. अशी पिल्ले घरोघरी काचेच्या भांड्यात दिसतात. कासव घरात असणे शुभ, अशा समजुतीनेही लोक ती आणतात. मी माणसांचा डॉक्टर आहे, कासवाचे औषध सांगणार नाही. पण आजार वेळेवर ओळखायचा कसा, आणि पशुवैद्याकडे पोहोचेपर्यंत काय करायचे व काय मुळीच करायचे नाही, एवढे मला आता ठाऊक झाले आहे. ते माझ्यासारखे उशिरा कोणाला कळू नये.

आधी कासव कुठले ते पाहा

दुकानात मिळणारे हे पिल्लू बहुधा रेड-इअर्ड स्लायडर जातीचे असते. डोळ्यामागे लाल पट्टा हीच त्याची खूण. मूळ देश अमेरिका, मिसिसिपी नदीचे खोरे. आणताना ते तळहातावर मावते, पण पुढे त्याची पाठ जेवणाच्या ताटलीएवढी होते आणि नीट सांभाळले तर ते वीस-तीस वर्षे जगते. दुकानदार हे सांगत नाही. शेतात, विहिरीत किंवा रस्त्यावर सापडलेले आपल्याकडचे कासव मात्र घरी ठेवू नये. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्याने आपल्या देशी कासवांना संरक्षण आहे. चांदण्यांची नक्षी असलेले जमिनीवरचे कासवही त्यात आले. असे कासव सापडल्यास वनखात्याला कळवावे.

झोप नव्हे, गारठा

माझी चूक कुठे झाली ते आधी सांगतो, कारण ही चूक सगळेच करतात. आपल्या शरीरात चूल पेटलेली असते. बाहेर थंडी असो की ऊन, आतले तापमान सदतीस अंशांच्या आसपास राहते. कासवाच्या अंगात अशी चूल नाही. भोवतालचे पाणी जेवढे गरम, तेवढेच ते गरम. पचन, हालचाल, जंतूंशी लढण्याची ताकद, सगळे त्या उबेवर चालते. पिल्लाला पाणी साधारण २५ ते २८ अंश सेल्सिअस लागते आणि बाहेर येऊन ऊन खायला त्याहून उबदार, ३० ते ३२ अंशांची कोरडी जागा लागते.

आता आपल्याकडची थंडी बघा. निफाडला काही वर्षी पारा पाच अंशांच्याही खाली उतरतो. घरात तेवढा गारठा नसतो, पण खिडकीत ठेवलेल्या भांड्यातले पाणी पहाटे पंधरा-सोळा अंशांवर येते. अमेरिकेच्या थंड भागातली मोठी, धष्टपुष्ट कासवे हिवाळ्यात तळ्याच्या तळाशी निपचित राहतात हे खरे आहे. पण त्याआधी त्यांच्या अंगात साठा झालेला असतो, पोट रिकामे झालेले असते आणि तळाचे पाणी इतके थंड असते की शरीराचा खर्च जवळजवळ थांबतो. आपल्या दिवाणखान्यातले पाणी या दोन्हींच्या मध्ये लटकते. पचन व्हायला ते थंड, खरी झोप लागायला गरम. खाल्लेले पोटात कुजते, साठा झिजत जातो आणि जंतूंना रान मोकळे मिळते. पिल्लाला आणि आजारी कासवाला थंडीत "झोपू" देणे म्हणजे हळूहळू मरू देणे आहे.

म्हणून जेवण सोडल्याबरोबर पहिली तपासणी कासवाची नको, पाण्याची करा. मासे विकणाऱ्या दुकानात पाण्याचा साधा थर्मामीटर स्वस्तात मिळतो. घरातला तापाचा थर्मामीटर इथे उपयोगाचा नाही, तो इतके खालचे तापमान दाखवतच नाही.

नवीन आणलेले पिल्लू घाबरून काही दिवस नीट खात नाही, हे चालते. पण रुळलेले, रोज हात दिसला की धावत येणारे पिल्लू पाणी उबदार असूनही तीन-चार दिवस तोंड लावत नसेल, तर ते आजारी आहे असेच धरावे. कासव आजार लपवते. रानात अशक्त दिसला तो शिकार झाला, म्हणून शेवटपर्यंत ते धडधाकट असल्यासारखे वागते. आपल्याला कळते तेव्हा दुखणे आठवड्या-दोन आठवड्यांचे झालेले असते.

डोळे, नाक, पोहणे, पाठ

रोज सकाळी मिनिटभर नीट पाहिले तर पुष्कळ आधी कळते.

डोळे उघडे, स्वच्छ आणि चमकदार हवेत. पापण्या फुगणे, डोळा न उघडणे, पुढच्या पायाने डोळा सारखा चोळणे ही पिल्लांमध्ये वारंवार दिसणारी तक्रार. आपण तिला डोळे आले म्हणतो आणि थेंब घालतो. खरे कारण पुष्कळदा खाण्यात असते. आपल्या मुलांना नवव्या महिन्यापासून 'अ' जीवनसत्त्वाचा डोस कशासाठी देतात ते आयांना माहीत आहे. त्याच 'अ' जीवनसत्त्वाच्या अभावी कासवाच्या पापण्यांचे अस्तर जाड होते, डोळ्याजवळच्या ग्रंथी तुंबतात. कासव डोळ्यांनी शोधून खाते. डोळे मिटले की खाणे बंद, खाणे बंद की अभाव आणखी वाढतो. बंडू-खंडूला तीन महिने सुकवलेल्या कोलंबीचा एकच डबा चालला होता, आणि लाडाने कधी बिस्किट, कधी भात. घाणेरड्या पाण्यानेही डोळे सुजतात, तेव्हा पाणीही तपासावे. पण "मग काका, जीवनसत्त्वाचे इंजेक्शनच देऊन टाका," असे म्हणू नका. हे जीवनसत्त्व जास्त झाले तर कासवाची कातडी सोलून निघते. मात्रा पशुवैद्यानेच ठरवायची.

नाकातून किंवा तोंडातून बुडबुडे, मान उंचावून तोंड उघडून श्वास घेणे, शिट्टीसारखा आवाज, आणि पोहताना एका बाजूला कलणे ही फुप्फुसाच्या दुखण्याची चिन्हे. कासवाला आपल्यासारखे जोराने खोकता येत नाही, त्यामुळे कफ आतच साचतो. ज्या बाजूचे फुप्फुस भरले तिकडे ते कलते. पाण्याखाली खाली न जाता वरच तरंगत राहणे, हेही तितकेच वाईट. यात एक दिवसही वाट पाहू नये.

डोळ्यामागे, कानाच्या जागी, वाटाण्याएवढा फुगवटा आला तर तो पुवाचा असू शकतो. कासवाचा पू आपल्यासारखा वाहत नाही, घट्ट दह्याच्या गोळीसारखा होतो. औषधाने तो विरघळत नाही, पशुवैद्याला कापूनच काढावा लागतो. घरी सुई लावू नये.

आता पाठ. अगदी लहान पिल्लाचे कवच थोडे लवचिक असतेच, पण महिन्यामहिन्याने ते टणक होत गेले पाहिजे. ते मऊच राहिले, कडा वर वळू लागल्या, किंवा आधी टणक असलेले पुन्हा दबू लागले, तर ते कासवाचे मुडदूस समजा. कारणेही माणसाच्या मुडदुसाचीच. कॅल्शियम कमी, आणि उन्हातले अतिनील किरण नाहीत. इथे पुष्कळांची फसगत होते. भांडे खिडकीत ठेवले, काचेतून ऊन आले, म्हणजे झाले असे वाटते. काच ते किरण अडवते. ऊब पोचते, पण हाडांना लागते ते पोचत नाही. मोकळ्या उन्हात सकाळी अर्धा तास, अर्ध्या भागावर सावली आणि माणूस शेजारी बसलेला, अशी सोय हवी. सावलीविना उन्हात ठेवलेले काचेचे भांडे थोड्याच वेळात तापते आणि कासव शिजते. कावळा आणि मांजर यांचीही आठवण ठेवा. हे जमत नसेल तर अतिनील किरण देणारा खास दिवा मिळतो. वर्ष होण्याआधी तो बदलावा, कारण उजेड तसाच दिसला तरी त्यातले किरण कमी होत जातात.

कॅल्शियमसाठी एक सोपा उपाय आपल्या गावातच आहे. काष्ठौषधींच्या दुकानात समुद्रफेस मिळतो. त्याचा तुकडा पाण्यात टाकून ठेवला की कासव कुरतडते. खाण्यात कासवांसाठी तयार मिळणारे चांगले दाणे, काट्यांसकट लहान मासे, गांडुळे, आणि जोडीला किसलेले गाजर किंवा लाल भोपळा असावा. पिल्ले भाजीला नाक मुरडतात, आपल्या नातवंडांसारखीच. रोज थोडी टाकत राहावे. नुसता खिमा, नुसती सुकी कोलंबी, भात, पाव, बिस्किट यावर पिल्लू जगत नाही, फक्त मरायला वेळ लावते.

पाठीवरचे पातळ, पारदर्शक पापुद्रे सुटणे हा आजार नव्हे, ते वाढीचे लक्षण आहे. हिरवे शेवाळ मऊ ब्रशने, साबण न लावता निघते. पण कवचावर मऊ पडलेला डाग, खड्डा, रक्त किंवा कुबट वास आला तर कवच कुजते आहे. आणि शेपटीखालून लाल मांसासारखे काही बाहेर येऊन आत जात नसेल, तर ते ओले ठेवून त्याच तासाला निघावे. ते वाळले की वाचवता येत नाही.

पशुवैद्याकडे जाईपर्यंत

ऊब द्या. मात्र उकळते पाणी ओतून नव्हे. पाण्याचे तापमान काही तासांत हळूहळू २८ अंशांपर्यंत आणा. मत्स्यालयाचा लहान हीटर असेल तर उत्तम. नसेल तर कोरड्या विटेवर, हात धरून चटका बसणार नाही इतक्या अंतरावर, चाळीस वॉटचा पिवळा बल्ब टांगा. एलईडी बल्बने ऊब येत नाही, हे त्या शिक्षकांना दोन दिवसांनी कळले. पाण्यात हात घालण्याआधी हीटरचा प्लग काढावा, हे वीजमंडळाने नव्हे, मी सांगतो.

पाणी कमी करा. अशक्त कासव बुडून मरते, हे ऐकून मलाही नवल वाटले होते. मान वर केली की नाक बाहेर येईल इतकेच पाणी ठेवावे. पोहताच येत नसेल तर दिवसातून दोनदा अर्धा तास कोमट उथळ पाण्यात आणि बाकी वेळ ओलसर फडक्यावर उबदार खोक्यात. नळाचे पाणी एक दिवस उघड्या बादलीत ठेवून मग वापरावे, म्हणजे क्लोरीन उडून जातो. जोडीचे दुसरे पिल्लू लगेच वेगळे करावे आणि त्यालाही दाखवावे. खंडू वरून ठणठणीत दिसत होता, पण पशुवैद्यांनी हातात घेताच म्हटले, "हा हलका लागतो, आणि कडा मऊ आहेत."

आता काय करू नये. तोंड उघडून घास कोंबू नये. माणसाच्या डोळ्याचे थेंब, हळदीचे पाणी, खोबरेल तेल, बाम, यांपैकी काही नको. उरलेली अँटिबायोटिकची कॅप्सूल फोडून पाण्यात टाकणारे गृहस्थ मी पाहिले आहेत, त्याने कासवाला काही पोचत नाही. आणि एक गोष्ट ठळक अक्षरांत छापावी अशी आहे. आयव्हरमेक्टिन हे औषध कासवाला कदापि देऊ नये. कुत्र्याच्या खरजेसाठी, गुरांच्या गोचिडांसाठी, माणसांच्या जंतांसाठीही हे सर्रास वापरात आहे, त्यामुळे ते पुष्कळ घरांत आणि गोठ्यांत पडलेले असते. कासवाच्या मेंदूला ते विषासारखे भिनते आणि त्याने कासव मरते.

नेताना पाण्यात घालून नेऊ नका. भोके पाडलेला प्लॅस्टिकचा डबा, तळाशी ओले फडके, वरून टॉवेल. सोबत खाण्याचा डबा न्या आणि मोबाईलवर भांड्याचा, दिव्याचा फोटो काढून न्या. पशुवैद्यांना कासवापेक्षा ते भांडेच जास्त सांगते. औषध सुरू झाल्यावर घाई करू नये. गार कासवाच्या अंगात औषधही नीट फिरत नाही, म्हणून ऊब चालू ठेवावी लागते, आणि बरे व्हायलाही आपल्यापेक्षा खूप वेळ लागतो. खंडूला पाच आठवडे लागले.

आता त्या मुलीविषयी

अडीच वर्षांच्या त्या मुलीला १०२ ताप, पोटात कळा, दिवसात नऊ-दहा जुलाब, त्यात रक्ताची रेघ. जलसंजीवनी पोटात ठरेना, म्हणून दोन दिवस सलाईन लावावी लागली. शौचाची तपासणी नाशिकला पाठवली, साल्मोनेला जंतू निघाला. कासवे मी स्वतः पाहिली होती, तरी पहिल्या दिवशी माझ्या डोक्यात ती आली नाहीत. नंतर विचारले तेव्हा वहिनी म्हणाल्या, कासवाचे भांडे रोज स्वयंपाकाच्या ओट्यावरच्या सिंकमध्ये धुतात, आणि धाकटी खंडूचा पापा घेते. जंतू कासवाकडूनच आला असे मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही, कारण कासवाच्या पाण्याची तपासणी झाली नाही. पण माझा संशय तिकडेच आहे.

निरोगी दिसणाऱ्या कासवाच्या आतड्यातही हा जंतू राहतो आणि विष्ठेतून पाण्यात, कवचावर येतो. कासवाला औषध देऊन तो कायमचा जात नाही. अमेरिकेत लहान मुलांना यामुळे इतका त्रास झाला की १९७५ साली चार इंचांहून लहान कासवे विकायलाच बंदी घातली गेली. चार इंच अशासाठी की त्याहून लहान कासव मूल तोंडात घालते. हा आपला नेहमीचा टायफॉइड नव्हे, टायफॉइडचा जंतू माणसाकडूनच माणसाला होतो. हे त्याचे भाऊबंद. ताप-जुलाब संसर्गानंतर सहा तासांपासून सहा दिवसांपर्यंत केव्हाही सुरू होतात. मोठ्या माणसाला बहुतेक वेळा आठवड्यात आपोआप बरे वाटते आणि अँटिबायोटिक लागत नाही. पण तान्ही मुले, म्हातारी माणसे, गरोदर बाई, मधुमेह किंवा कर्करोगाचे उपचार चालू असलेला पेशंट, यांच्यात जंतू रक्तात उतरू शकतो. घरात कासव असेल आणि जुलाब-ताप झाला तर डॉक्टरांनी विचारले नाही तरी आपण सांगावे. आम्ही विसरतो.

पाच वर्षांखालचे मूल ज्या घरात आहे तिथे कासव आणूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आणलेच असेल तर त्याची बादली, ब्रश, मग वेगळे ठेवावे. पाणी संडासात ओतावे, ओट्यावर किंवा भांडी घासायच्या मोरीत नाही. हात लावल्यावर साबणाने, वीस आकडे मोजून, हात धुवावेत. कासव ताटाच्या आसपास नको आणि पापा तर अजिबात नको.

खंडूची मजा अशी की त्याचे दर रविवारी वजन होते. मुलाचा मामा सराफ आहे, त्याने जुना ग्रॅमचा काटा खास कासवासाठी देऊन टाकला. वजन हेच पिल्लाचे खरे प्रगतिपुस्तक, असे पशुवैद्यांनी सांगितले होते. दोन आठवडे सलग वजन घटले की डोळे-नाक ठीक दिसले तरी न्यायचे. मुलाने वहीत तारखा मांडल्या आहेत. बंडूचेही एक पान आहे, त्यात दोनच आकडे आहेत.

परवा शिक्षक भेटले तेव्हा त्यांनी विचारले, "डॉक्टर, हा ताटलीएवढा झाला की गंगापूर धरणात सोडून द्यायचा का?" मुळीच नाही. ही परदेशी कासवे तळ्यात गेली की आपल्या कासवांचे खाणे आणि ऊन खायच्या जागा बळकावतात. जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर परक्या जातींच्या यादीत या जातीचे नाव आहे. शिवाय घरात वाढलेल्याचे आजार तिथल्या कासवांना लागतात ते वेगळेच. मोठी टाकी घ्यायची, किंवा सांभाळणे जमेनासे झाले तर वनखात्याला किंवा प्राणी सांभाळणाऱ्या संस्थेला विचारून सोय लावायची. त्यांनी मान डोलावली आणि टाकीची किंमत विचारायला नाशिकला जाणार म्हणाले. गेल्या रविवारी खंडू शहाऐंशी ग्रॅम भरला.